सेरेंगेटीची सहल कमिटी

७ जून, रविवार

चूक झाली. नणंदेजवळ, मांकाजवळ, बोलून बसले.

चर्चमधून बाहेर पडताना नणंदबाईंनी सहज विचारलं, "वहिनी, यंदा लग्नाला चाळीस वर्षं होतात ना? काय बेत?" मीही सहज म्हटलं, काही नाही गं, ह्यांच्याबरोबर चार दिवस सेरेंगेटीला जाऊन यावं म्हणते. साधंच, तंबूत राहून. बस्स! मी चपलेतला खडा काढेपर्यंत गॉडलिसनभाऊजी गर्दी कापत हजर. "वहिनी, दादाच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि तुम्ही दोघं गुपचूप करणार? आम्ही काय मेलो? कमिटी बसवू!"

अरुशात बाप्तिस्मा असो, लग्न असो, मयत असो — कमिटी बसते. अध्यक्ष, खजिनदार, वर्गणी, सगळं यथासांग. सहलीसाठी बसल्याचं मात्र मी प्रथमच ऐकते आहे. नाही म्हणायची सोय नाही. ह्यांनी आजवर अर्ध्या गावाच्या लग्नात वर्गणी दिली आहे. आता आपल्या वेळी दोघंच निघालो तर लोक म्हणतील, एकट्या-एकट्याने खाल्लं.

हे घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तुला तोंड मिटून बसता येत नाही का?" — आणि उंबऱ्याला ठेचकाळले.

९ जून

ठेचकाळण्याचं कारण इथे लिहून टाकते. कोणाला सांगणार नाही असं वचन दिलंय, पण ते माणसांपुरतं. पानाला कुठे तोंड आहे!

काचबिंदू. मे महिन्यात मोशीच्या डॉक्टरांनी सांगितलं. उजवा डोळा गेलाच. डाव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं — समोरचं तेवढं, बाजूचं काही नाही. ऑपरेशन केलं तर आहे तेवढं टिकेल. गेलेलं परत येत नाही. लवकर या, म्हणाले.

आणि हे? "आधी तुला सेरेंगेटी दाखवतो. मग लावा चाकू कुठे लावायचा तिथे. आणि याचं एक अक्षर कोणाला कळता कामा नये." झालं! तीस वर्षं गाडी चालवून पाहुण्यांना जनावरं दाखवली. गवतातला कान, फांदीवरची शेपटी — जे कोणाला दिसायचं नाही ते ह्यांना आधी. अजून बाजारात जुने ड्रायव्हर हाक मारतात, "काय गरुडसाहेब!" त्या गरुडाला आता भाजीच्या पाट्या दिसत नाहीत, हे गावाला कसं सांगणार?

मी त्या रानात कधीच गेले नाही. ह्यांनी जर्मन नेले, जपानी नेले, एक म्हातारी तर नाकात नळ्या लावून कॅनडाहून आली होती — सगळ्या जगाला सिंह दाखवून आणले, आणि मला आणले धुवायचे कपडे. मी शाळेत पोरांना फळ्यावर सेरेंगेटीचा नकाशा काढून दाखवायचे. कोणी विचारलं, "बाई, तुम्ही गेलात का?" तर म्हणायचे, पुढचं पान काढा.

म्हणून जायचंच. आणि लवकर.

११ जून

बेत तयार. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटत नाही — नकाशाच काढला.

पहिला दिवस तारांगिरे, हत्तींसाठी. दुसरा मन्यारा, मुक्काम म्टो वा म्बू गावात. तिसरा गोरोंगोरोच्या विवराच्या काठावर तंबू. चौथा सेरेंगेटी, आणि पाचव्या दिवशी उजाडताच एक फेरी मारून परत. चार दिवसांचे पाच झाले, पण ते नकाशावर कोणाला कळतंय! गाडी मोलेलची. ह्यांच्याच हाताखाली शिकलेला पोरगा, आता त्याची स्वतःची जुनी लँडक्रूझर आहे. डिझेल आपलं. हॉटेल नाही, सरकारी कॅम्पवर तंबू. इथल्या माणसांना प्रवेश फी किरकोळ, परदेशी पाहुण्यांसारखी कंबर मोडत नाही. तांदूळ, केळी, तेल, गॅसची छोटी टाकी घरून. सिया दार-एस-सलामहून थोडे पैसे पाठवणार आहे. लेकीलाही डोळ्यांचं ठाऊक नाही.

जुलैत जाऊन आलो की ऑगस्टमध्ये मोशी. इतकं सोपं!

१४ जून, रविवार

कमिटी बसली. बसली म्हणजे बागेतल्या बारमध्ये, मटण भाजण्याच्या जाळीजवळ.

गॉडलिसनभाऊजी अध्यक्ष. त्यांचं लोखंड-सिमेंटचं दुकान आहे, पण बोलणं मंत्र्याचं. मांका खजिनदार. मी चिटणीस, कारण "बाईंचं अक्षर चांगलं". उरलेले चुलत-मावस आठ-दहा जण सभासद. हे उत्सवमूर्ती — त्यांनी काही बोलायचं नसतं. बरंच झालं.

विषय पहिला : तारीख. दोन तास चर्चा. ठराव असा झाला की पुढच्या बैठकीत तारीख ठरवावी. मग मटण आलं, भाजलेली केळी आली, सोड्याच्या बाटल्या आल्या. खर्च वर्गणीतून.

मी म्हटलं, "भाऊजी, हा खर्च सहलीचा ना?"

"वहिनी, उपाशी पोटी नियोजन होतं का कुठे?"

२८ जून

तारीख ठरली नाही. मटण बरं होतं.

५ जुलै

आज गणवेश! सहलीला एकाच छापाचं किटेंगेचं कापड हवं म्हणे — बायकांना झगे, पुरुषांना सदरे. मांकाने तीन नमुने आणले होते. एकावर मोर, एकावर विजेचे दिवे, एकावर मासे. सेरेंगेटीत मासे घालून जायचं! मी म्हटलं, रानात भडक कपडे चालत नाहीत, जनावरं बिथरतात. मांका म्हणाली, "वहिनी, जनावरांनी कमिटीला बघायचंय की कमिटीने जनावरांना?" सगळे खो खो हसले. हेसुद्धा! मोर पास झाला.

तारीख? "जुलै कसा जमणार, शिंपी आहे ना मध्ये."

१० जुलै

स्वयंपाकघराचं दार लावून ह्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. तेवढ्यात मांका खिडकीत. "दार का लावलंय?" म्हटलं, कांदा चिरतेय, वास जाऊ नये म्हणून. ह्यांचे डोळे वाहत होते, ते बरं पडलं. तिने विचारलंसुद्धा नाही की कांदा मी चिरते आणि रडतात हे कसे. कमिटीची खजिनदार! डोळ्यांपुढचं दिसत नाही माणसाला.

१९ जुलै

मार्गावर खडाजंगी. मांकाला गरम पाण्याची आंघोळ असलेलं हॉटेल हवं. एका चुलत दिराचं म्हणणं, एवढं लांब कशाला, अरुशा पार्क आहेच की शेजारी, सकाळी जाऊन चहाला घरी. भाऊजी म्हणाले, मार्ग कुठलाही घ्या, पण एमसी हवा, माइक धरायला. आणि व्हिडिओवाला. "कार्यक्रम झाला आणि व्हिडिओ नाही, तर तो झाला कशावरून?"

मी नकाशा पसरला. बोट ठेवून सांगितलं — हे तारांगिरे, हे मन्यारा, हा चढ, हा काठ, ही पठारं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं पटलं. भाऊजी म्हणाले, "वाहवा! बाईंना सगळं पाठ आहे. मग घाई कसली? हे काही कुठे पळून जात नाही."

पळून जातंय हो भाऊजी! रोज थोडं-थोडं जातंय. ओठांवर आलं होतं. ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. म्हणजे दाबायला गेले, पण पाय मांकाचा निघाला. ती ओरडली. हे म्हणाले, मुंगी असेल.

२ ऑगस्ट

भाऊजी आणखी तीन लग्नांच्या कमिट्यांवर आहेत. लग्नसराई संपल्याशिवाय बैठक नाही. सप्टेंबर!

मी घरी येऊन भांडले. म्हटलं, एक शब्द बोला त्यांना, उद्या गाडी दारात उभी राहील. हे म्हणाले, "आणि परवा सगळे मला हात धरून संडासला नेतील." म्हटलं, मग आधी मोशीला चला, सहल मागाहून. "ऑपरेशन फसलं तर? मग तुला काय दाखवू? नाही. आधी सेरेंगेटी." हट्ट तरी किती असावा माणसाने! आणि मला हट्टाचा राग यावा, तर येतं रडू.

१६ ऑगस्ट

आज अंगणात ह्यांनी खुंटीवरच्या कोटाला नमस्कार केला.

६ सप्टेंबर

बैठक. विषय : बोकड.

आमच्याकडे मोठ्या समारंभात अख्खा बोकड भाजतात. चार पायांवर उभा, तोंडात हिरवा पाला, गळ्यात फुलं. केकसारखा मिरवत आणायचा आणि उत्सवमूर्तींना पहिला घास भरवायचा. लग्नात ठीक आहे. पण भाऊजींचं म्हणणं, हा बोकड सेरेंगेटीत कापायचा. "सिंहाच्या राज्यात, वहिनी! व्हिडिओत काय दिसेल कल्पना करा!"

सिंहाच्या राज्यात भाजलेला बोकड घेऊन जाणारी ही जगातली पहिलीच कमिटी असावी.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षं पाहुण्यांना बजावलं — गाडीत साधं केळंही उघडं ठेवू नका. आता सांगा की! उत्सवमूर्ती बोलले नाहीत. बोकडाचे पैसे कुठून आणायचे? तारांगिरे आणि मन्यारा कापलं. हत्ती गेले, बोकड आला.

२० सप्टेंबर

आज काळजाचं पाणी झालं. बैठकीत ह्यांनी सोड्याच्या बाटलीकडे हात केला. बाटली उजवीकडे, हात भलतीकडेच. पेला आडवा, बाटली मांकाच्या मांडीवर, मोराच्या किटेंगेवर लाल सोडा. भाऊजी उठले ते वेटरवर कडाडले — "टेबल हलतंय तुमचं! माणसं बसवता की होडीत घालता?" वेटर बिचारा चारी पाय दाबून बघत बसला. टेबल दगडासारखं होतं.

वाचलो! कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

आणि लगेच नवल घडलं. भाऊजींनी तारीखच जाहीर केली : नोव्हेंबरची वीस. जुलै-ऑगस्ट हुकल्यापासून मी सांगत होते, निदान नोव्हेंबर तरी धरा, तेव्हा पाहुणे कमी, तंबू भाड्याने स्वस्त, मोलेलची गाडी रिकामी. शेवटी पटलं म्हणायचं. एमसीही रद्द केला — "उगाच खर्च नको." त्याआधीची तारीख का नको, तर मोलेलची गाडी तोवर दुरुस्तीला आहे. असो. चिकाटीने सांगत राहिलं की दगडालाही पाझर फुटतो, हे पोरांना उगाच नाही शिकवलं.

११ ऑक्टोबर

मांका हल्ली रोज येते. हातात केळ्या-मटणाच्या मटोरीचं भांडं. ह्यांच्यापुढे वाटी ठेवते आणि सांगते, "दादा, चमचा उजव्या हाताला. वाटी गरम आहे हं." हाडंसुद्धा काढून देते! चाळीस वर्षांत भावाला कधी पाणी विचारलं नाही, आता एकदम माया फुटली. कमिटीच्या पैशांतून मोराच्या झग्याला लेस लावून घेतलीय ना, त्याचं प्रायश्चित्त असेल.

२५ ऑक्टोबर

ह्यांनी आज विचारलं, "दिवे गेले का?" दुपार होती.

मग ढग आला होता वाटतं, म्हणाले. मीही म्हटलं, हो, मोठा ढग होता.

मला भीती वाटते. लिहून टाकलं तर कमी होईल वाटलं होतं. नाही होत.

८ नोव्हेंबर

शेवटची बैठक. गाडीत जागा किती, हा विषय. मोलेल, आम्ही दोघं, भाऊजी, मांका (स्वयंपाक तिच्याकडे), व्हिडिओवाला. उरली एक सीट. मी म्हटलं, तिथे तंबू ठेवू. नाही! तिथे बोकड. टपावर ठेवला तर धूळ बसेल. बोकडाला पट्टा बांधून बसवणार आहेत.

चाळीस वर्षांनी नवऱ्याबरोबर फिरायला निघाले आहे. शेजारी नणंद, पुढे दीर, मागे बोकड.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

निघालो! निघालो एकदाचे!

मोलेल उजाडताच आला. ह्यांना हात धरून पुढे बसवलं. "बाबा, आज तुम्ही साहेब, मी ड्रायव्हर." गाडी सुरू झाल्यापासून त्याचं तोंड जे चाललंय — "डावीकडे मासाई पोरं गुरं घेऊन चाललीत, बाबा. आता उजवीकडे बाओबाब. पुढे ट्रक, निळा, कांद्याचा." एवढा बडबड्या पोरगा मी पाहिला नाही. पाहुण्यांना सांगायची सवय लागली असणार. ह्यांनी मात्र मजेत मान डोलवली.

गोरोंगोरोच्या फाटकावर कागदपत्रांसाठी थांबलो. व्हिडिओवाल्याला कल्पना सुचली — कमिटीने मोराचे कपडे घालून फाटकासमोर उभं राहावं. मोलेल ओरडला, "टप बंद करा आधी!" भाऊजी म्हणाले, "एक मिनिट रे, उजेड चांगला आहे."

एवढा मोठा बबून! वरच्या उघड्या टपातून उतरला, आपल्या घरात उतरावा तसा. पट्टा तोडला — की सोडला, देव जाणे — आणि बोकड काखेत मारून बाहेर. तोंडातल्या पाल्यासकट! भाऊजी मागे धावले, किटेंगे सावरत. "अरे, अध्यक्षांचा मान तरी ठेव!" बबूनने भिंतीवर बसून पहिला घास आपल्या बायकोला दिला. रीतसर.

मांका रडायला लागली. हे हसत होते. मी ह्यांना इतकं हसताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "कसा दिसतोय गं?" विचारत होते. "फुलं आहेत का अजून गळ्यात?" मी सांगत होते, आहेत, बबूनीण फुलं खातेय. तारांगिरे आणि मन्यारा, दोन्ही त्या भिंतीवर फस्त झाली. पण खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही.

काठावर तंबू ठोकला. थंडी अशी की दात वाजतात. खाली गोरोंगोरोचा खड्डा धुक्याने भरलेला. मोलेल म्हणाला, सकाळी उघडेल.

२१ नोव्हेंबर

उघडला. काय लिहू? मी फळ्यावर काढायचे तो एक गोल. एवढासा, खडूचा.

दुपारी नाबीच्या टेकडीवरून पठार दिसलं. पाऊस पडून गेलेला, गवत कोवळं. आणि त्या गवतावर जनावरं — विल्डबीस्ट, झेब्रे — जिथवर नजर जाईल तिथवर, नुसती जनावरं. हे टपातून उभे राहिले. नाक वर करून म्हणाले, "पाणी पडलंय. आले असतील." म्हटलं, आलेत. "समोर?" म्हटलं, समोर, मागे, सगळीकडे. मग त्यांनी मान हळूहळू फिरवली, नळीतून थोडं-थोडं पाहत. एका झेब्र्यावर थांबले. खूप वेळ. "पोटुशी आहे ती," म्हणाले. खरंच, पोट खाली आलं होतं तिचं.

तीस वर्षं मी या गवतावर जळत होते. सणाला हे इथे, सिया झाली तेव्हा हे इथे. आज कळलं की मीसुद्धा इथेच राहिले असते. परत कशाला जायचं घरी? असं म्हटलं तर म्हणाले, "धुवायचे कपडे असायचे ना."

भाऊजी मागून म्हणाले, "दादा, डावीकडे दोन सिंहिणी, झुडपाखाली, पन्नास पावलांवर." मला तर दिसल्या नव्हत्या! लोखंडाचा दुकानदार, पण नजर आहे. एकेका गोष्टीचं अंतरसुद्धा सांगत होते.

२२ नोव्हेंबर, रविवार. सेरोनेरा, मग घर

उजाडताच हे मोलेलला म्हणाले, "नदीच्या वळणावर चल. माझ्या झाडापाशी." हे झाड मला ऐकून पाठ आहे. वाकडं, एक फांदी आडवी पुढे आलेली, आणि तिच्यावर बिबट्या असायचाच. ज्याला कुठेच बिबट्या दिसला नाही त्या पाहुण्याला हे शेवटी तिथे न्यायचे.

मोलेलने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. पहिल्यांदाच त्याचं तोंड बंद.

हे टप धरून उभे राहिले. कुजबुजले, "आडव्या फांदीवर. डाव्या बाजूला. शेपटी लोंबतेय. दिसतेय?"

मी पाहिलं. गवत. झुडपं. लांब नदीकाठी झाडांची रांग. त्यातलं ह्यांचं कुठलं, कळेना. शेपटी कुठेच नाही. ह्यांचा चेहरा पुढे, ताणलेला, डावा डोळा बारीक केलेला. काय म्हणणार होते मी? "दिसली!" म्हटलं. "अगंबाई, केवढी लांब!"

इथवर ठीक होतं. पण मग कमिटीला कंठ फुटला. भाऊजी — "अरे वा! नर आहे, नर! काय रुबाब!" मांका — "ठिपके बघा ना, जसे काही हाताने काढलेत! दादा, जांभई दिली त्याने!" व्हिडिओवाला म्हणतो, "झूम करून घेतला, एकदम क्लिअर!" मी थक्क. काही दिसत नसताना किती खोटं बोलावं माणसांनी! मी बोलले ते वेगळं, माझ्यावर वेळ आली होती. यांना काय झालं होतं? पण असंच आहे. एकाला दिसलं की सगळ्या कमिटीला दिसतं. ठराव पास.

हे खाली बसले. "चला," म्हणाले. नाबीच्या फाटकापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मन भरलं असेल, असं मला वाटलं.

२३ नोव्हेंबर

सियाला व्हिडिओ पाठवला. तिचा फोन — "आई, मोर घालून तुम्ही सगळे गवताकडे बघून टाळ्या काय वाजवताय? बिबट्या कुठाय?" म्हटलं, आहे, नीट बघ. ती म्हणाली, तीनदा पाहिलं, काही नाहीये. चिडून फोन ठेवला. या मुलीला पहिल्यापासून सगळं पुराव्यानिशी लागतं.

हे शेजारीच बसले होते. हसले. म्हणाले, "एकटी खरं बोलली."

२४ नोव्हेंबर

सकाळी थेंब घालत होते. मान मागे टाकून हे म्हणाले, "ते झाड चार वर्षांपूर्वीच्या पुरात वाहून गेलं. तिथे नुसतं गवत आहे. मोलेलला मीच सांगून ठेवलं होतं, तिथेच थांब आणि गप्प राहा."

बाटली डोळ्यावर तशीच धरून मी विचारलं, कशाला?

"म्हटलं, बघावं. ज्याला माझ्या डोळ्यांचं माहीत नाही तो म्हणेल, कुठलं झाड, दादा? एक जण तरी म्हणेल." मग म्हणाले, "सगळ्यांना बिबट्या दिसला गं. ठिपक्यांसकट."

थेंब गालावर पडला. हलणारं टेबल, मटोरीतला चमचा, कांदा, पन्नास पावलांवरच्या सिंहिणी — सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आणि मी इथे पानंच्या पानं त्या सगळ्यांनाच आंधळं म्हणत बसले होते.

ह्यांनी रुमालाने गाल पुसला. म्हणाले, "मोशीला जायचंय ना? गॉडलिसनला फोन कर. कमिटी बसव म्हणावं. फक्त या वेळी तारीख आधी, मटण मागाहून."